उलटा पीळ

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

पार्सल या पत्राच्या आधी पोचेल की नंतर, कोण जाणे. आमच्या पोस्टातल्या बाईने ते वजनाला ठेवताना असं आपटलं की मी ओरडलेच. आत काचेचे मणी आहेत असं तिला तीनदा सांगितलं होतं. उघडशील तेव्हा आधी जुना टॉवेल पसर आणि त्यावरच उघड. मणी एकदा फरशीवर गेले की वर्षभर झाडूत सापडतात.

दोन डबे मणी आहेत, एका डब्यातले जरा मोठे आणि दुसऱ्यातले मोहरीएवढे. सुयांचं पाकीट आहे, दोऱ्याची चार रिळं आहेत, दोऱ्याला लावायला मेण आहे. आणि निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. याच पुस्तकावरून मी शिकले आणि त्यावरच गेली अकरा वर्षं क्लास चालवते. लिहिणारी बाई हुशार आहे, पण वाचणाऱ्याला तीन हात असतात अशी तिची समजूत दिसते. एका हातात काम, दुसऱ्यात सुई, मग पान कोणी धरायचं? पानावर वाटी उपडी ठेव.

आता मुद्द्याचं. दादाला झटका आल्याला दोन महिने झाले. पाय हळूहळू उचलतोय, जीभही थोडी सुटतेय म्हणालीस, पण उजवा हात तसाच. फिजिओबाईंनी तुला सांगितलंय की अंगठा आणि पहिलं बोट यांना बारीक काम द्या. मण्यापेक्षा बारीक काम कुठलं? आधी तू शिक, आठवड्याला एक धडा घे, आणि मग त्याच्यापुढे ताट ठेव. तो चिडेल, कदाचित ताटही भिरकावेल. मनावर घेऊ नकोस, आजारी माणूस आहे. तुझ्या हातात सुई मी कधी पाहिली नाही, पण तू चिवट आहेस, जमेल तुला.

वहिनी, त्या हाताने अठरा थर कापड एका दमात कापलंय. कारखान्यात नवीन पोरांना त्याच्या टेबलाजवळ उभं करायचे, नुसतं बघायला. त्याच हाताने मला सायकलवर धरून शिकवलं. आई-बाबा गेल्यावर मी त्याच्याच हाताशी वाढले. तो हात परत आला पाहिजे. मी स्वतः आले असते, पण माझा गुडघा आणि दीड दिवसाचा बसचा प्रवास यांचं जमत नाही. म्हणून सगळं तुझ्यावर टाकतेय.

पत्रच लिही. फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'काय?' यापुढे जात नाहीस. दर वाक्याला 'काय?' ऐकून माझा घसा बसतो.

तुझी,
वन्सं

२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पार्सल धडधाकट पोचलं. टॉवेल पसरला होता, तरी मोहरीएवढ्यांचा डबा टॉवेलच्या बाहेरच उघडला गेला. तीन दिवस खोलीत अनवाणी चालायची सोय नव्हती. खालच्या छापखान्यातला माणूस विचारत होता, वर काय सांडलं, फटीतून मणी येतायत.

पुस्तक वाचायला घेतलं. पहिल्या धड्यात बाई लिहितात, 'आता सुई परत आणा.' कुठून, कुठे, ते नाही. मी त्या एका वाक्यावर दोन संध्याकाळी बसले. तिसऱ्या दिवशी कामावर चादरींच्या घड्या घालताना एकदम कळलं, की सुई मागच्या मण्यातून उलट्या दिशेने काढायची आहे. हातातली चादर तशीच टाकून घरी पळावंसं वाटलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, डिसेंबरपासून मी दवाखान्याच्या धोबीखान्यात जाते, दुपारी एक ते पाच. चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, घड्या घालायच्या. काम रटाळ आहे पण मला आवडतं. बायका बऱ्या आहेत.

सपाट पट्टी जमली. आठ मणी रुंद. पहिली चार बोटं वाकडी, पुढे सरळ. दोरा किती ओढायचा ते हाताला कळायला वेळ लागतो, ते कुठल्या पुस्तकात लिहिता येणार नाही. मी इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही शिकले नव्हते, वन्सं. वय पाहता हसू येतं.

ह्यांचं म्हणाल तर रोज अर्धा तास ताट पुढे ठेवते. बसतात. बोलणं थोडं सुधारलंय, पण खुणेवरच जास्त भर. तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सायकलचं ऐकून हसले.

तुमची,
वहिनी

२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र क्लासमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. 'आता सुई परत आणा' वर सगळ्या पोट धरून हसल्या. त्या वाक्यावर प्रत्येकीने डोकं आपटलेलं आहे.

दादा रोज अर्धा तास बसतोय हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. तू किती जीव ओततेयस त्याच्यावर. धोबीखान्याचं मात्र मला काही पटलं नाही, दुपारभर त्याला एकटं ठेवायचं म्हणजे. पण घर तुझं, तुला कळतं.

आता सहावा धडा घ्या, पिळाची दोरी. नवशिक्यांना यानेच हुरूप येतो, कारण थोड्या कामात मोठं काहीतरी झाल्यासारखं दिसतं. मधे गाभ्याचे मणी, बाहेरून तीन-तीन मण्यांचा वळसा. दर वळसा झाला की तो डावीकडे सारायचा आणि मग पुढचा. एवढं एकच लक्षात ठेवायचं, डावीकडे. दोरी आपोआप पीळ घेत वर चढते. दादाला मोठे मणी दे, निळे आणि पांढरे, म्हणजे चुकलं तर लगेच दिसेल.

आणि वीतभर झाली की मला पाठव. मला फक्त 'बरं चाललंय' असं कळवून भागणार नाही. चाळीस बायकांच्या पट्ट्या ढीग करून पुढे टाकल्या तरी कुठली कोणाची ते मी सांगते. दोरा किती ओढलाय, कुठे हात थकला, कुठे चहाला उठली, सगळं दिसतं.

वन्सं

१८ मार्च

प्रिय वन्सं,

सोबत दोरी आहे. निळी-पांढरी, वीतभर. ह्यांनी केली. जपून ठेवा, पहिलीच आहे.

पुस्तकात वळशाचं चित्र आहे ते समजायला त्रास झाला, पण पान उलटसुलट करून शेवटी लागलं. मला स्वतःला आता निळ्या पुस्तकातले अकरा धडे येतात. मागे तुम्ही जाड्या पुस्तकाबद्दल बोलला होता, ज्यात फुलं आणि जाळीच्या नक्ष्या आहेत. ते कधी सवडीने पाठवाल का? घाई नाही.

ह्यांची तब्येत ठीक आहे. भिंतीला धरून दारापर्यंत जातात.

तुमची,
वहिनी

२९ मार्च

प्रिय वहिनी,

मला काय आंधळी समजलीस?

दोरी हातात घेतली आणि आधी आनंदच झाला. काय एकसारखे वळसे, काय दोरा ओढलाय. मग खिडकीपाशी नेऊन पाहिली. पीळ उलटा आहे. उजव्या हाताने सुई चालवली की वळसे डावीकडे जातात आणि पीळ एका बाजूने चढतो. डाव्या हाताने चालवली की सगळं आरशात पाहिल्यासारखं होतं. माझ्याकडे दोघी डावखुऱ्या होत्या, त्यांच्या दोऱ्या मी नुसत्या बोटाने ओळखायचे.

म्हणजे दादा डाव्या हाताने करतोय. आणि तू त्याला करू देतेयस. अगं, डावा हात त्याचा चांगलाच आहे, त्याला व्यायाम कशाला? सोप्या वाटेने जायचं आणि तुला गुंडाळायचं, लहानपणापासूनची सवय त्याची. डाव्या हातानेसुद्धा इतकी सफाई, हे मात्र त्याचं त्यालाच जमावं. पण मला तो हात नको. मला उजवा हवा.

हे पुढचं त्याला मोठ्याने वाचून दाखव. दादा, चोरी पकडली गेली आहे. डावा हात पाठीमागे बांध आणि उजव्याने कर. वाकडं झालं तरी चालेल. तुझ्या छोटीला वाकडी दोरीच हवी आहे.

वन्सं

१६ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुमच्यापुढे काही लपत नाही. खरंय, डाव्या हाताने होती. यापुढे उजव्यानेच.

सोबत दुसरी दोरी. हिच्याकडे बघवत नाही. मणी दात विचकल्यासारखे दिसतायत, दोन ठिकाणी दोरा बाहेर आहे. वीतभर करायला दहा दिवस लागले. पण पीळ पुस्तकाप्रमाणे आहे, डावीकडे सारलेला.

वहिनी

३० एप्रिल

प्रिय वहिनी,

दोरी मिळाली तेव्हा क्लास चालू होता. मी बायकांपुढेच रडले. इतकी भयंकर दोरी मी अकरा वर्षांत पाहिली नाही आणि इतकी सुंदरही. पहिल्या दोन बोटांत सुई कशी थरथरलीय ते कळतं. मधे एका जागी तीन वळसे बरोबर आलेत, तिथे मी बोट ठेवून बसले होते. हात परत येतोय, वहिनी. तुझे उपकार मी कुठे फेडू?

मी लगेच कारखान्याच्या मालकांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तरही आलं. म्हणतात, कटरची जागा अजून भरलेली नाही, हात चालला तर जुलैत या.

आता मी ठरवलंय. डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणोत, जूनमध्ये मी येते. महिनाभर राहीन. रोज सकाळ-संध्याकाळ मीच त्याला बसवते. तू पुरे केलंस, आता तू आराम कर. तुमच्या बाहेरच्या खोलीत एक खाट टाकलीस की झालं.

जाडं पुस्तक येताना घेऊन येते.

वन्सं

१२ मे

वन्सं,

हे पत्र मी धोबीखान्यात चादरींच्या ढिगामागे बसून लिहितेय. शांतपणे वाचा आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

दोन्ही दोऱ्या माझ्या आहेत. डावखुरी मी आहे. शाळेत बाईंनी पट्टीने बोटं फोडून उजव्याने लिहायला लावलं, म्हणून लिहिते उजव्याने. बाकी सुई, कात्री, सगळं डाव्याने. तुमच्या घरी आल्यावर चारचौघांत ते बरं दिसत नाही असं सांगण्यात आलं, म्हणून तुमच्यासमोर कधी सुई धरली नाही. पुस्तकातली चित्रं मला उलटी पडतात. मागच्या एका पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की डावखुऱ्यांनी चित्र आरशात पाहावं. मी पुस्तक कपाटाच्या आरशासमोर धरून शिकले. पहिली दोरी तशीच झाली आणि तुम्ही पकडली. दुसरी मी उजव्या हाताने केली. तुम्ही जिच्यावर रडलात ती.

ह्यांनी आजपर्यंत एकही मणी उचललेला नाही. कारण मी ताट कधी पुढे ठेवलंच नाही. पहिल्या आठवड्यात ठेवलं होतं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अंगठा हलल्यासारखा वाटला. मी ताट उचललं आणि कपाटात ठेवलं. फिजिओबाईंना सांगते, रोज करतात. तुम्हालाही तेच लिहिलं. खोटं बोलले. पाप असेल तर असो.

तुम्हाला त्या हाताची सायकल आठवते. मला काय आठवतं ते लिहिते. तुम्ही फोनवर माझी थट्टा करता, दर वाक्याला 'काय?' म्हणते म्हणून. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, वन्सं. समोरून उजव्या हाताची थप्पड बसली की ती डाव्या कानावर बसते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी पडदा फाटला. डाव्या बाजूच्या दोन दाढा नाहीत. तुम्ही आला होता त्या वर्षी माझा हात प्लास्टरमध्ये होता, आठवतं का? बाथरूममध्ये पाय घसरला असं मी सांगितलं. तुम्ही त्या प्लास्टरवर पेनाने फूल काढलंत आणि म्हणालात, वहिनी, जरा बघून चालत जा.

कशावरूनही व्हायचं. चहा गार झाला, दार उशिरा उघडलं, शर्टाचं बटण. एकदा मी खिडकीत उभी राहून हसले म्हणून. पण डावा हात ह्यांनी कधी उगारला नाही, डाव्याने त्यांना काही येतच नाही.

झटका आला तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, उजवा हात पुन्हा चालेल का. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, व्यायामावर आहे. त्यांना वाटलं मी काळजीने विचारतेय. मी घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाही. बाईमाणसाने आनंद व्हावा अशी ती गोष्ट नव्हती. मला झाला. सहा महिन्यांत मला कोणी हात लावलेला नाही. मी कामाला जाते, पगार माझ्या हातात येतो, संध्याकाळी दिव्याखाली बसून फुलं विणते. मला बोलता येतं हेसुद्धा मी विसरले होते.

ह्यांचं सगळं करते. आंघोळ, जेवण, औषधं, एकही वेळ चुकवलेली नाही. फक्त तो हात मी परत आणणार नाही.

पण गेल्या गुरुवारी चादर बदलताना पाहिलं. चादरीखाली उजवी मूठ वळली होती. अंगठा बोटांवर घट्ट. मी पाहतेय हे ह्यांना कळलं, आणि ह्यांनी मूठ उघडून पुन्हा वळून दाखवली. म्हणजे हात आपोआप येतोय. मी नाही शिकवलं तरी येतोय.

तुम्ही व्यायामाला येऊ नका, हात जोडते. मला माहेर नाही हे तुम्हाला माहीत आहे. दुसरं कोणी असतं तर ह्यांच्या बहिणीला हे लिहिलं नसतं. मी काय करू, तेवढं सांगा.

उत्तर पाकिटात घालून पाठवू नका. घरी आलेलं पाकीट हल्ली हे आधी स्वतः घेतात आणि वाचून दाखव म्हणतात. धोबीखान्यावर देखरेख करणारी बाई ह्यांच्या सोबत्याची बायको आहे, तिथेही नको. जाडं पुस्तक पार्सलने पाठवा आणि चिठ्ठी त्याच्या अगदी शेवटच्या नक्षीच्या पानांत घाला. मण्यांच्या पुस्तकांकडे हे ढुंकूनही बघत नाहीत. घरात तेवढी एकच जागा माझी आहे.

वहिनी

१९ जून

वहिनी,

उत्तराला पाच आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी तुला आठ पानी पत्र लिहिलं. त्यात तुला नाही नाही ते बोलले. आजारी माणसाचं औषध लपवणारी, असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोस्टात न्यायला निघाले आणि दारातूनच परत आले. फाडलं. मग पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं.

दोन्ही दोऱ्या टेबलावर ठेवून रोज बघत होते. पहिली किती सुरेख आहे ग. मी म्हटलं होतं की कोणाचं काम ते मी ओळखते, आणि तुझे हात इतकी वर्षं पाहून मला तू कळली नाहीस.

नाही, तेही खोटंच. खरं लिहिते. तू आठवण करून दिलीस त्या दुपारी मी बाहेरच्या खोलीत होते. पाय घसरल्याचा आवाज एकदाच होतो. तो आवाज तीनदा झाला होता. मी उठले आणि रेडिओ मोठा केला. संध्याकाळी तू म्हणालीस घसरले, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी फूल काढलं. मला तो एकच भाऊ होता, मला वाढवणारा, आणि तो तसा आहे हे मान्य केलं असतं तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. म्हणून मी मूग गिळून बसले. तुझ्या कानापेक्षा मला माझी सायकल मोठी वाटली. मला माफ कर असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

आता ऐक. तू इकडे ये. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, खिडकी आहे, उजेड चांगला येतो. क्लासला नाहीतरी मी एकटी पुरत नाही, मला शिकवणारी हवीच आहे. डावखुऱ्या मुलींना तर मी नीट शिकवूच शकत नाही.

मंगळवार, ७ जुलै. नेहमीसारखी एक वाजता कामाला निघ. सामान घेऊ नकोस, फक्त पिशवी. धोबीखान्याकडे न वळता सरळ बस स्टँडवर जा, दीडची गाडी आहे. बुधवारी संध्याकाळी तू इथे पोचशील. मी दुपारपासूनच स्टँडवर उभी राहीन. दादाकडे कोणीतरी बघायला हवं, त्याची काळजी करू नकोस, तू पोचलीस की मी फिजिओबाईंना कळवून माणूस लावते. त्याला जे लिहायचं ते मी लिहीन. तो माझ्याशी भांडेल. भांडू दे, माझी पाळी कधीच आली नव्हती.

पुस्तक आज टाकतेय. चिठ्ठी तू म्हणालीस तिथेच, शेवटच्या नक्षीत. वाचून झालं की फाडून टाक.

वन्सं

१० जुलै
(पोस्टकार्ड)

प्रिय वहिनी,

जाडं पुस्तक पोचलं का? पार्सल गहाळ तर नाही ना झालं, या काळजीत आहे. तुमच्या सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत? मी बरी आहे. बुधवारी आणि गुरुवारी जरा स्टँडच्या बाजूला काम होतं, म्हणून क्लास बंद ठेवला होता. चार ओळी लवकर टाक. फोन लागत नाही.

वन्सं

१८ जुलै

छोटी,

अक्षर वाईट आहे, समजून घे. उजव्या हाताने लिहितोय. लिहायची सवय मोडलीय.

तुझं कार्ड मिळालं. पुस्तकही मिळालं, गहाळ नाही झालं.

तुला आणि हिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणून बोललो नव्हतो. फेब्रुवारीपासून मी तुझ्या निळ्या पुस्तकावरून शिकतोय. ही एक वाजता गेली की कपाटातून ताट काढायचं आणि पाचच्या आत जागच्या जागी ठेवायचं. पहिला महिना एक मणी उचलत नव्हता. ताट तीनदा सांडलं, डाव्या हाताने एक एक वेचलं. छापखान्यातल्या माणसाला गप्प राहायला सांगितलं. मार्चात पहिला मणी सुईवर चढला. मेमध्ये पट्टी झाली. तुझं पुस्तक खरंच चांगलं आहे, पायरीपायरीने जातं.

जाडं पुस्तक २७ जूनला दुपारी आलं, ही कामावर होती. मी शेवटपासून चाळतो, ही माझी जुनी सवय, तुला माहीत आहे. तुझं पत्र दोनदा वाचलं. मग पुन्हा पार्सल बांधून ठेवलं आणि हिने उघडायची वाट पाहिली. मंगळवारी एक वाजता ही पिशवी घेऊन निघाली तेव्हा दाराशी मी उभा होतो.

तुझ्यावर माझा राग नाही. तू भोळी आहेस, कोणी काही सांगितलं की रडतेस. लहानपणीही तशीच होतीस. इकडे येऊ नकोस, गुडघा सांभाळ.

ही आता कामाला जात नाही, मी कमावता झाल्यावर गरजही नाही. तिच्याकडून पत्राची वाट पाहू नकोस, काही दिवस तिला लिहिता येणार नाही. काही विचारायचं असेल तर मला विचार. फोन काढून टाकलाय, उगाच वाजतो.

सोबत दोरी पाठवतोय. तू तपासशीलच. वळसे डावीकडे सारलेत.

सोमवारपासून कारखान्यात जाऊ लागलो. मालकांना तू आधी लिहून ठेवलं होतंस, ते कामी आलं. पहिल्या दिवशी बारा थर कापले, काल अठरा. हात अगदी पूर्वीसारखा झालाय. हे सगळं तुझ्यामुळे, छोटी. तू पुस्तकं पाठवली नसतीस तर मी तसाच पडून राहिलो असतो.

दादा